तपासणाऱ्याची सही

तीर्थरूप अप्पा,

साष्टांग नमस्कार. मायना बरोबर आहे ना? नाहीतर पहिल्याच ओळीला लाल पेन घेऊन बसाल.

ईरा काल अडीच महिन्यांची झाली. तुमची नात. तुम्ही गेल्यावर अकरा महिन्यांनी आली. बुधवारी तिला घेऊन आम्ही लंडनला फिलिपिन्सच्या वकिलातीत चाललोय, तिचा जन्म त्यांच्या दप्तरी नोंदवायला. फॉर्मच्या चार प्रती, काळी शाई, इंग्रजी मोठी अक्षरं. अगदी तुमच्या आवडीचं काम आणि नेमके तुम्ही नाही! तीन दिवस तो फॉर्म माझ्यासमोर पडून होता. आज सकाळी पूर्ण झाला. कसा झाला, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसलेय.

तुमची पहिली खेप आठवते? सहा महिन्यांचा व्हिसा आणि तुम्हाला सहाव्या दिवशी कंटाळा. जिल्हा परिषदेच्या आस्थापना विभागात चौतीस वर्षं हेडक्लार्की केलेला माणूस साउथहॅम्प्टनला येऊन खिडकीतून बस मोजत बसला होता. मी दिवसभर हॉस्पिटलमध्ये, फिजिओथेरपीला. घरी आले की तुम्ही सांगायचे, आज अठरा नंबरच्या इतक्या गेल्या, त्यातली एक उशिरा आली. मी वैतागायचे. आज वाटतं, ऐकून घ्यायला माझं काय जात होतं?

खालच्या मजल्यावर मारिसेल राहायची. माझ्याच हॉस्पिटलमधली नर्स, फिलिपिन्सची, नवरा रोनाल्ड, आणि तेव्हा तिला सातवा महिना. एकदा ती जिन्यात कसलातरी फॉर्म घेऊन रडकुंडीला आली होती. तुम्ही चष्मा लावलात, फॉर्म तिच्या हातातून घेतलात आणि म्हणालात, "काइंडली सिट." अर्ध्या तासात फॉर्म तयार. अक्षर असं की छापल्यासारखं! दुसऱ्या दिवशी तिने बिनअंड्याच्या, बिनकोळंबीच्या शेवयांचा डबा वर पाठवला आणि तुम्ही तिला चिठ्ठी लिहिलीत, "विथ रेफरन्स टू युअर नूडल्स, द सेम वेअर एक्सलंट." ती चिठ्ठी अख्ख्या वॉर्डात फिरली.

मग काय, रविवारी चर्च सुटलं की आमच्या जिन्यात तिच्या मैत्रिणींची रांग. कोणाचं व्हिसाचं, कोणाचं पासपोर्टचं, कोणाचं नागरिकत्वाचं. सगळ्या तुम्हाला लोलो म्हणायच्या, त्यांच्याकडे आजोबांना म्हणतात तसं. तुम्ही आवक-जावक रजिस्टर घातलंत. मी हसले, तर म्हणालात, "नोंद नाही तर काम नाही."

एकदा एका बाईचा दुहेरी नागरिकत्वाचा अर्ज आला. ती ब्रिटिश झाली होती आणि आता फिलिपिन्सचं नागरिकत्व परत मागत होती. तुमचा विश्वासच बसेना. परत देतात? नुसती हात वर करून शपथ घ्यायची आणि पुन्हा घरची? आपल्याकडे एकदा पासपोर्ट जमा केला की मग मिळतं ते ओसीआय कार्ड. म्हणजे माहेरी या, हवं तितकं राहा, पण पाहुणी म्हणून. चहा थंड होईपर्यंत तुम्ही त्या कागदाकडे बघत होतात. "देश असावा तर असा," म्हणालात, "फार दिवस रुसत नाही."

तुमचा एक नियम होता. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा. लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, म्हणून दुसऱ्याने वाचायचं आणि डावीकडे खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने सही करायची. त्याशिवाय कागद घराबाहेर जाणार नाही. तपासणारी मी. ड्यूटीवरून आले, की युनिफॉर्म बदलायच्या आधी हातात गठ्ठा. श.पां., श.पां., श.पां. किती कुरकुर केली असेल मी!

आणि मग गॅबीचा फॉर्म आला.

मारिसेलला मुलगा झाला, गॅब्रिएल. आईबाप दोघंही कामाच्या व्हिसावर, त्यामुळे पोर इथे जन्मूनही ब्रिटिश नव्हतं. आधी त्यांच्या वकिलातीत जन्माची नोंद, मग त्यांचा पासपोर्ट, मग प्रवास. आणि प्रवासाची घाई होती. तिकडे इलोइलोला मारिसेलच्या वडिलांची किडनी गेली होती. डॉक्टरांनी घरच्यांना जे सांगायचं ते सांगून टाकलं होतं. म्हाताऱ्याचं एकच म्हणणं होतं, नातवाला मांडीवर घ्यायचंय. तिकिटं काढून झाली होती.

तुम्ही दोन दिवसांत चार प्रती काढल्यात. पहिलं नाव गॅब्रिएल. मधलं नाव रोनाल्ड. आडनाव मेंडोझा. आता मधे बापाचं नाव नाही लिहायचं तर कोणाचं लिहायचं? शाळेच्या हजेरीपासून रेशनकार्डापर्यंत आपण दुसरं काही पाहिलंय का? मी तपासलं. पासपोर्टचे नंबर आकडा-आकडा वाचले, तारखा दोनदा ताडून पाहिल्या. मधल्या नावापाशी थांबलेसुद्धा नाही. बापाचं नाव, बरोबर. चारही प्रतींवर श.पां.

मारिसेल शिफ्ट संपवून आली आणि तुम्ही पेन्सिलीने फुल्या मारल्या होत्या तिथे तिथे न वाचता सह्या करून गेली. लोलोने भरलाय, मग बघायचं काय त्यात!

लंडनला खिडकीतल्या बाईंनी फॉर्म परत केला. त्यांच्यात मधलं नाव आईच्या माहेरचं असतं. आईचं लग्नाआधीचं आडनाव मुलाच्या नावात मधे बसतं, कायमचं. मारिसेल माहेरची रेयेस, म्हणून पोर गॅब्रिएल रेयेस मेंडोझा. चारही प्रती बाद. पुढची तारीख सहा आठवड्यांनी.

नोंद नाही तर पासपोर्ट नाही, पासपोर्ट नाही तर विमान नाही. तीन महिन्यांचं अंगावर पिणारं पोर टाकून ती एकटी जाऊ शकत नव्हती. नव्या तारखेच्या नऊ दिवस आधी तिचे वडील गेले. नातू त्यांनी फोनवरच पाहिला. मातीला तिचा धाकटा भाऊ जोएल गेला. तोही आमच्याच हॉस्पिटलमध्ये नर्स, पण तेव्हा मी त्याला नुसती चेहऱ्याने ओळखत होते.

पण मला तुमच्याशी बोलायचंय ते त्या आधीच्या संध्याकाळबद्दल. मारिसेल लंडनहून परतली, थेट वर आली आणि फॉर्म टेबलावर ठेवून रडायला लागली. आणि मी तुमच्यावर ओरडले. तिच्यासमोर. कोणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? इथलं काही माहीत नसताना लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या कशाला? काय काय बोलले मी! तुम्ही खाली बघून ऐकून घेतलंत. मग इंग्रजीत तिला म्हणालात, "द मिस्टेक इज माइन, मॅडम. एन्टायरली."

आणि ती डोळे पुसत होती तेवढ्यात तुम्ही शर्टाच्या खिशातून खोडरबर काढलंत. चारही प्रतींवरचा डावा खालचा कोपरा खोडलात. चूर फुंकून टाकलात आणि फॉर्म तिच्या हातात दिलात.

अप्पा, मी पाहिलं होतं. तुम्हालाही माहीत होतं की मी पाहिलंय. आणि मी गप्प बसले.

का? तेव्हा माझ्याकडे दहा कारणं होती. रोज तिच्याबरोबर काम करायचंय, तुम्ही दोन महिन्यांनी परत जाणार, तुमच्यावर कोण रागावणार, तुम्ही लोलो. आता लिहिताना एकही कारण धड दिसत नाही. मी घाबरले, एवढंच खरं. उद्या सांगू म्हटलं, मग तिचे वडील गेले, आणि त्यानंतर सांगायला तोंडच उरलं नाही.

तुम्ही मात्र एकदाही, अगदी आईजवळसुद्धा, म्हणाला नाहीत की शलाकाने तपासलं होतं. रविवारी बाया आल्या तर डोळ्यांना त्रास होतो म्हणून सांगितलंत. रजिस्टर मिटलंत. पुन्हा बस मोजायला लागलात. मारिसेल तरीही शेवयांचा डबा वर पाठवायची, आणि तुम्ही तो मला खायला लावायचे. तुमच्या घशाखाली उतरत नव्हता ना?

एक तक्रार माझीही आहे, ऐका. दोन वर्षांनी मी फोनवर जोएलबद्दल सांगितलं, तेव्हा तुम्ही इतकंच म्हणालात, "त्या घरात नको." आणि फोन आईकडे दिलात. मी काय समजले असेन? धर्म समजले, मासे समजले, जात तर समजलेच. चार महिने तुमच्याशी बोलले नाही. शेवटी आईनेच तोंड उघडलं.

"त्यांना धर्माचं काही नाही गं बाई," ती म्हणाली. "ज्या माणसाला आपल्यापायी नातू दिसला नाही, त्याच्या घरी सोयरीक कोणत्या तोंडाने करायची, म्हणून जळून राहिले आहेत ते."

हे तुम्ही मला सांगायचं नाही? बापाने एवढा अबोला धरायचा? पण मी कोणाला बोलतेय म्हणा. खाण तशी माती.

दुसऱ्या खेपेला मारिसेलने सगळ्यांना जेवायला बोलावलं. तुम्ही वरणभाताच्या ताटाकडे बघत नुसते बसला होतात, खास तुमच्यासाठी तिने व्हिडिओ बघून केलं होतं ते. जोएल तर असा बसला होता की जणू मुलाखत आहे. आणि तुम्ही अचानक चमचा खाली ठेवून त्याला विचारलंत, तुमच्यात मूल झालं की मधे आईच्या माहेरचं आडनाव लागतं, बरोबर? तो म्हणाला, येस सर. म्हणजे उद्या पांढरीपांडे लागेल? येस सर.

"तेरा अक्षरं होतात इंग्रजीत. चौकटीत मावायची नाहीत."

"बारीक लिहू, सर."

तुम्ही थोडा विचार केलात, आणि मग म्हणालात, "मग हरकत नाही." आणि भात कालवायला घेतलात. माझ्या लग्नाला होकार असा मिळाला! जोएलला दहा मिनिटं कळलंच नाही, मारिसेलने टेबलाखालून लाथ मारली तेव्हा कळलं. परत जाताना तुम्ही विमानतळावर मला हळूच म्हणालात, हे बरं आहे गं यांचं. आपल्यात पोरीचं आडनाव बोहल्यापाशीच राहतं. एकुलती एक पोर तुमची. मी तुमच्या कोटाचं बटण लावत राहिले.

तेव्हाच सांगायचं होतं मला, की अप्पा, ती सही माझी होती आणि मी ती सांगेन. मग वाटलं, दिवाळीला नागपूरला जाईन तेव्हा निवांत. तुम्ही दिवाळीची वाट पाहिली नाहीत. आईचा फोन आला म्हणून निघाले, तर मी विमानात असतानाच गेलात.

आता घरच्या बातम्या. जोएल ब्रिटिश झाला आणि ईराच्या जन्माआधीच त्याच वकिलातीत हात वर करून पुन्हा फिलिपिनोही झाला. माझा पासपोर्ट अजून आपला निळाच आहे, काय करायचं ते ठरत नाही. ईराला जन्मतःच दोन देश, आणि माझ्याकडून ते पाहुणीचं कार्ड, त्याचा अर्ज पुढच्या महिन्यात. तीन देशांचे कागद आणि पोरीचं वजन जेमतेम पाच किलो!

इथल्या नोंदणी कार्यालयातच आम्ही पूर्ण नाव लावलं, म्हणजे सगळीकडे एकच राहील. ईरा पांढरीपांडे रेयेस. आई व्हिडिओ कॉलवर भडकली. मधे बापाचं नाव लागते, माहेरचं आडनाव काय घालून राहिली, लोक म्हणतील नवऱ्याने टाकलं. मी म्हटलं, आई, हे अप्पांनी मंजूर केलेलं आहे.  तर म्हणाली, दाखव तो कागद. मी दाखला कॅमेऱ्यासमोर धरला, आणि तिने तेरा अक्षरं एकेक करून बोट लावून वाचली. मग चष्मा पुसायला गेली ती परत आलीच नाही.

वकिलातीचा फॉर्म मी लिहिला. तपासायला मारिसेलला बोलावलं, लिहिणारा एक, तपासणारा दुसरा. ती आता ईराची आत्या. काल दुपारी आली, ताडून बघायला गॅबीची जुनी फाइल घेऊन. ती उघडली, तर वरच तुमचा तो फॉर्म. बाद झालेला. तिने सहा वर्षं जपून ठेवला होता. मी विचारलं, हा कशाला ठेवलास? तर म्हणाली, माझ्या मुलाचं नाव इतकं सुंदर कोणी लिहिलंच नाही पुन्हा, चुकीचं का असेना.

डावा खालचा कोपरा विरलेला होता. घासून घासून कागद पातळ झाला होता. मी त्यावर बोट ठेवलं. ती म्हणाली, काहीतरी सांडलं असेल.

मी म्हटलं, नाही. आणि सांगितलं. मोडकंतोडकं, आधीचं नंतर आणि नंतरचं आधी. माझी सही, तुमचं खोडरबर, माझं गप्प बसणं, सगळं.

 ईरा तिच्या खांद्यावर झोपली होती. ती म्हणाली, "सहा वर्षं?" एवढंच. मी मान खाली घातली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "लोलोवर मला चिडता येत नव्हतं गं. इतका म्हातारा माणूस, मॅडम म्हणाला मला. आणि मला कोणावर तरी चिडायचं होतं. माझा बाप गेला होता."

आणि मग ती माझ्यावर चिडली. सहा वर्षांचं सगळं एकदम. मी ऐकून घेतलं, तुम्ही ऐकून घेतलं होतंत तसं. ईराला माझ्याकडे दिलं, पर्स उचलली आणि फॉर्म न तपासताच निघून गेली. फाइल टेबलावरच राहिली. जोएल म्हणाला, येईल. मला खात्री नव्हती. आत्याने फॉर्म तपासला नाही तर आभाळ कोसळत नाही, दुसरं कोणीही तपासेल. पण मला दुसरं कोणी नको होतं, अप्पा.

आज सकाळी सात वाजता बेल वाजली. ती ड्यूटीवर जायच्या आधी आली होती, निळ्या युनिफॉर्ममध्ये, डोळे सुजलेले. चहा नको म्हणाली. खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि चारही प्रती अक्षर-अक्षर वाचल्या. मधल्या नावाच्या चौकटीत माझी तेरा अक्षरं मुंग्यांसारखी दाटीने बसली होती. तिथे ती थांबली, पेन्सिलीच्या टोकाने मोजली. मग चारही प्रतींच्या डाव्या कोपऱ्यात तिने सही केली.

मग तुमचा जुना फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि माझ्या हातात पेन दिलं. पेन्सिल नाही, पेन.

"आता तुझी," ती म्हणाली.

तुम्ही खोडलेल्या जागी मी सही केली. श.पां. कागद पातळ झालाय, शाई थोडी फुटली. पण वाचता येते.

जाताना ती दारात थांबून म्हणाली, रविवारी ये जेवायला, शेवया करते. अंडं घालू की लोलोच्या पद्धतीने? मी म्हटलं, लोलोच्या.

अप्पा, ईरा एक दिवस नक्की विचारेल, की मधे हे एवढं मोठं नाव कशाला? तेव्हा मी तिला तुमच्या होकाराची गोष्ट सांगेन, सगळे हसतात ती. आणि त्याच बैठकीत खोडरबराचीही सांगेन. माझा भाग वगळणार नाही. तुमच्या नावावर माझी चूक आता एक दिवसही राहणार नाही, हे वचन.

पत्र दोनदा वाचून काढलंय, तरी चुका असतील. लिहिणाऱ्याला दिसत नाहीत. डावा खालचा कोपरा तुमच्यासाठी रिकामा ठेवलाय.

तुमची,
शलाका मधुकर पांढरीपांडे
(मधलं नाव आपल्या पद्धतीने.)